गुलमर्गच्या बर्फात माझ्या मापाचा बूट

गुलमर्गमध्ये तिसऱ्या दिवशी दुपारी मी बर्फात बसून रडत होते. पडले म्हणून नाही. पडणं पहिल्या दिवसापासून चालू होतं आणि त्याची सवयही झाली होती. पायांत स्कीचे बूट होते आणि बोटं इतकी बधिर झाली होती की ती बुटात आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं. माझ्या शेजारून सात-आठ वर्षांची काश्मिरी मुलं हसत, ओरडत, सुसाट खाली जात होती. माझ्या मास्तरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, ये सबके बस की बात नहीं होती."

मला ते पटलं. चौदा दिवस शिकायचं ठरवून आलेली मी चौथ्या दिवशी परत निघाले. पुढे जवळजवळ वर्षभर सगळ्यांना सांगत राहिले की माझे घोटे कमकुवत आहेत, मला स्कीइंग जमणार नाही.

नंतर कळलं की माझ्या घोट्यांना काहीच झालेलं नव्हतं. माझा बूट दोन नंबर मोठा होता आणि माझ्या पायापेक्षा बराच रुंद होता. पहिल्यांदा बर्फात जाणाऱ्या किती तरी जणींच्या बाबतीत असं होत असणार, म्हणून हा अनुभव सविस्तर सांगतेय.

तंगमार्गच्या पुढचा रस्ता

मी बडोद्याची. आमच्याकडे बर्फ म्हणजे उन्हाळ्यात खायचा गोळा. नोकरीसाठी नोएडाला आले आणि ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने गुलमर्गचे फोटो दाखवले, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपणही जावं. वर्षभर पैसे साठवले, सुट्ट्या साठवल्या आणि फेब्रुवारीत निघाले.

श्रीनगरपासून गुलमर्ग साधारण ५० कि.मी. आहे. तंगमार्गपर्यंत गाडी नेहमीसारखी जाते. तिथून पुढचे १३ कि.मी. घाटाचे. बर्फ जास्त असेल तर साध्या गाड्या तंगमार्गलाच थांबतात आणि चाकांना लोखंडी साखळ्या बांधलेल्या गाडीत बसून पुढे जावं लागतं. दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली झाडं, मधून कुठे तरी धूर सोडणारं एखादं घर आणि फेरनच्या आत कांगडी धरून चालणारी माणसं. मग एका वळणावर झाडं संपतात आणि समोर पांढरीशुभ्र, बशीसारखी पसरलेली कुरणं दिसतात. हे गुलमर्ग. उंची सुमारे २,६५० मीटर.

समोरच्या अफरवट डोंगरावर गोंडोला जातो. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि तो जवळपास ४,००० मीटर उंचीपर्यंत नेतो. पण नवशिक्यांचं काम खाली, कुरणातल्या हलक्या उतारांवरच असतं. मास्तर ठरवायचे, बूट, स्की आणि काठ्या भाड्याने घ्यायच्या आणि शिकायला सुरुवात करायची.

मी ज्या दुकानात गेले तिथे गर्दी होती. ओल्या मोज्यांचा वास, भिंतीला लावलेले शंभर एक बूट आणि घाईत असलेला एक मुलगा. त्याने विचारलं, "जूता कौन सा नंबर?" मी म्हटलं, "पाच." त्याने एक बूट दिला. उभी राहिले तर बोटं पुढे टेकली. मी म्हटलं, "छोटा आहे." त्याने मोठा दिला. त्यात बोटं मोकळी होती, पाय आरामात बसला. थंडी वाजेल म्हणून मी दोन जाड लोकरीचे मोजे घातले होते, तेही मावले. मी खूश, तोही खूश.

आता वाटतं, चूक तिथेच झाली. दुकानात आरामशीर वाटणारा स्कीचा बूट बर्फावर बहुतेक वेळा मोठाच निघतो.

तीन दिवसांत काय झालं

पहिल्या दिवशी लक्षात आलं की गुडघे वाकवून पुढे झुकलं की माझी टाच बुटात वर उचलली जाते. मास्तरांनी बकलं घट्ट केली. तरी टाच उचलली जायचीच. मग आणखी घट्ट केली, शेवटच्या खाचेपर्यंत. आता पायाच्या वरच्या भागावर इतका दाब आला की अर्ध्या तासात बोटं बधिर झाली. बकलं सैल केली की पाय बुटात पुढे-मागे सरकायचा आणि प्रत्येक थांबण्याला अंगठा पुढच्या भिंतीवर आपटायचा. तिसऱ्या दिवसापर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती. नडगीवर बुटाचा वरचा काठ आपटून वळ उठले होते ते वेगळेच.

याहून वाईट म्हणजे डावी स्की माझं ऐकतच नव्हती. सरळ उभी राहिले तरी ती आतल्या बाजूला वळायची आणि उजवीला जाऊन भिडायची. मी पाय वळवायचे, पण पाय आधी बुटाच्या आत फिरायचा आणि स्की नंतर कधी तरी हलायची. गाडीचं स्टिअरिंग सैल असावं तसं. वेग वाढला की मला भीती वाटायची आणि ती भीती खरी होती, कारण स्की खरोखरच माझ्या ताब्यात नव्हती.

पण यातलं काहीही मला तेव्हा बुटाशी जोडता आलं नाही. मला वाटलं, मीच घाबरट आहे.

आईचा खो-खो

परतल्यावर बडोद्याला गेले होते. आईने नखं पाहिली आणि म्हणाली, "आपल्या घरच्या बायकांचे पायच बारीक गं. मलाही कधी बूट धड बसले नाहीत."

मग तिने एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. शाळेत ती खो-खो खेळायची. संघात होती, चांगली धावायची. कॅनव्हासचे बूट घेताना 'पाय वाढेल' म्हणून घरून एक नंबर मोठे घेत आणि पुढे कापूस कोंबत. तिचा पाय लांबीने वाढला, रुंदीने नाही. नववीत खुंटाजवळ वळताना पाय बुटात फिरला आणि घोटा मुरगळला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. मग खेळ सुटला. "माझे पाय नाजूकच," असं ती इतक्या सहज म्हणाली की मला माझंच वाक्य ऐकू आलं.

नोएडाला परतल्यावर गुडघा दुखत होता म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्या बाईंनी मला अनवाणी उभं केलं, एका पायावर वाकायला लावलं. म्हणाल्या, घोटे व्यवस्थित आहेत, ताकदही ठीक आहे. फक्त डाव्या पायाची कमान वजन पडलं की आत झुकते आणि गुडघाही तिच्यामागे आत जातो. मग त्यांनी विचारलं, "बूट कोणत्या मापाचा होता?"

हा प्रश्न मला तोपर्यंत कोणीही विचारला नव्हता. मला उत्तरही माहीत नव्हतं.

स्कीचा बूट वेगळा कसा असतो?

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले. जे समजलं ते सोप्या शब्दांत सांगते.

स्कीच्या बुटाचा नंबर आपल्या चपलांच्या नंबरासारखा नसतो. तो पायाच्या लांबीवर, सेंटीमीटरमध्ये असतो. याला माँडोपॉइंट म्हणतात. पाय २४ सें.मी. लांब असेल तर बूट २४ नंबरचा. माझा पाय मोजला तर २३.८ सें.मी. भरला. मला दिलेल्या बुटावर २६ लिहिलेलं मी फोटोत पाहिलं.

बुटाचे दोन भाग असतात. बाहेरचं कडक प्लास्टिकचं कवच म्हणजे शेल आणि आतला मऊ बूट म्हणजे लायनर. बहुतेक कंपन्या अर्ध्या नंबरासाठी वेगळं शेल बनवत नाहीत. २४ आणि २४.५ चं शेल एकच असतं. त्यामुळे 'अर्धा नंबर मोठा द्या' म्हणण्याला फारसा अर्थ नसतो.

दुसरं माप रुंदीचं. याला लास्ट म्हणतात आणि ते मिलिमीटरमध्ये असतं. साधारण ९८ किंवा त्याखाली म्हणजे अरुंद, १०० च्या आसपास मध्यम आणि १०२ च्या पुढे रुंद. हा आकडा कंपनीने ठरवलेल्या एका साइझचा असतो, बूट लहान होत गेला की रुंदीही कमी होते. अरुंद बुटाला बरेच जण लो व्हॉल्यूम असंही म्हणतात, कारण प्रश्न नुसत्या रुंदीचा नसतो. पायाची वरची उंची, घोट्याचा घेर, टाचेची जाडी या सगळ्यांचा असतो. भाड्याचे बूट बहुतेक मोकळे असतात, कारण एकच जोड अनेकांच्या पायात जायचा असतो. बारीक पायाच्या माणसाचे हाल तिथूनच सुरू होतात.

तिसरी गोष्ट फ्लेक्स, म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे त्याचा आकडा. नवशिक्या बाईला ६० ते ८० च्या आसपासचा बूट साधारण पुरतो. पण हा आकडा सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो आणि थंडीत प्लास्टिक आणखी कडक होतं. बायकांसाठीच्या बुटाचा वरचा भाग थोडा ठेंगणा असतो, कारण आपली पोटरी बहुधा खालपर्यंत भरलेली असते. पुरुषांचा बूट घातला तर काठ पोटरीत रुततो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते, मग तेल लावून चार दिवस वापरली की पायाला बसते. १९६० च्या दशकापर्यंत स्कीचे बूटही चामड्याचे होते. मग अमेरिकेत बॉब लँग यांनी प्लास्टिकचे बूट आणले आणि हळूहळू सगळीकडे तेच आले. प्लास्टिकचं शेल वापरून पायाचा आकार घेत नाही. आतला लायनर मात्र वापराने दबत जातो. म्हणजे स्कीचा बूट दिवसेंदिवस सैलच होतो. ज्यांचे पाय बारीक आहेत त्यांनी 'वापरून बसेल' या आशेवर राहू नये.

दुसरा हिवाळा, दुसरं दुकान

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा गेले. चिल्लई कलान चालू होती. २१ डिसेंबरपासून सुरू होणारा हा चाळीस दिवसांचा काळ काश्मीरमध्ये सगळ्यात कडाक्याचा. आईने विचारलं होतं, "पुन्हा कशाला? एकदा पैसे घालवलेस ना?" मी म्हटलं होतं, "आई, या वेळी आधी बूट बघणार. नाही मिळाला तर गोंडोलात बसून येईन."

या वेळी मी घाई केली नाही. पहिला दिवस फक्त बुटांसाठी ठेवला. दोन दुकानांत २४ नंबरचा बूटच नव्हता. तिसऱ्या ठिकाणी एक वयस्कर चाचा बसले होते. मी नंबर सांगू लागले तर म्हणाले, "पहले पैर दिखाओ बेटी, बूट की बात बाद में."

त्यांनी पाय हातात धरून पाहिला. घोट्याची हाडं चाचपली. मग आतून २४ नंबरचा, त्यातल्या त्यात अरुंद बूट आणला आणि पहिली गोष्ट काय केली, तर लायनर बाहेर काढला. रिकाम्या शेलमध्ये मला पाय घालायला सांगितला. बोटं पुढे अलगद टेकवली आणि टाचेमागे किती जागा उरते ते बोटं घालून पाहिलं. ही जागा साधारण दीड ते दोन सेंटीमीटर असावी. त्याहून जास्त असेल तर बूट मोठा. मग दोन्ही बाजूंना किती जागा आहे तेही पाहिलं. माझ्याकडे बाजूंना जरा जास्त होती, पण लांबी बरोबर होती.

"लंबाई सही है, चौड़ाई का इलाज हो जाएगा," ते म्हणाले.

लायनर परत घातला, मी एकच पातळ लोकरी मोजा घातला आणि उभी राहिले. बोटं पुढे टेकली. तोंडातून निघालंच, "छोटा है." चाचा हसले. टाच जमिनीवर दोनदा आपटायला सांगितली, म्हणजे पाय मागे बसतो. आधी घोट्याजवळचं बकल लावलं, मग वरचं, मग खालची दोन अगदी हलकी. "अब घुटना आगे करो." मी गुडघे पुढे झुकवले आणि बोटं आपोआप मागे आली. उभं राहिल्यावर बोटं टेकतात आणि झुकल्यावर सुटतात, हीच योग्य मापाची खूण. मागच्या वर्षी मी नेमका असाच बूट छोटा म्हणून परत केला होता.

टाच अजून किंचित हलत होती. चाचांनी फोमचा पातळ तुकडा घेतला, इंग्रजी सी अक्षरासारखा कापला आणि लायनरच्या बाहेरून घोट्याच्या हाडाच्या मागे आणि खाली चिकटवला. हाडावर नाही, त्याच्या भोवतीच्या खोलगट जागेत. दोन्ही बाजूंना. त्यामुळे टाच मागे धरून ठेवली जाते. मग लायनरच्या खाली एक पातळ, घट्ट पट्टी घातली. पाय जरा वर उचलला गेला आणि वरची रिकामी जागा भरली. मी नोएडाहून फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने कमानीला आधार देणारे इनसोल आणले होते, ते लायनरमध्ये बसवले.

मग त्यांनी मला अर्धा तास बूट घालून बसवलं. कहवा आला. दाब सगळीकडून सारखा होता, घट्ट हस्तांदोलनासारखा, पण कुठे टोचत नव्हतं आणि बोटं हलत होती. बकलं मात्र दुसऱ्या खाचेवरच होती.

दोरा, नट आणि गुडघा

मी डाव्या स्कीबद्दल सांगितलं तेव्हा चाचांनी ड्रॉवरमधून एक दोरा काढला. त्याच्या टोकाला लोखंडी नट बांधला होता. मला सपाट फळीवर, पाय कमरेइतक्या अंतरावर ठेवून, गुडघे जरासे वाकवून उभं केलं आणि गुडघ्याच्या मध्यावरून दोरा खाली सोडला. उजवीकडे नट बुटाच्या मध्यरेषेजवळ आला. डावीकडे तो आतल्या बाजूला, अंगठ्याकडे गेला.

याचा अर्थ काय? स्की बर्फावर सपाट राहायला हवी. गुडघा खूप आत असेल तर स्की कायम आतल्या कडेवर उभी राहते. आपण सरळ जातोय असं वाटतं, पण ती कड बर्फात रुतते आणि स्की वळते. गुडघा बाहेर असेल तर उलट होतं, कड धरतच नाही. गुडघ्याचा मध्य बुटाच्या मध्यरेषेवर किंवा किंचित आत असला तर ठीक.

याचे तीन टप्पे असतात आणि ते क्रमानेच करायचे. पहिला, तळव्याला आधार. कमान आत झुकायची थांबली की अर्धं काम होतं. माझा इनसोल काढून पाहिलं तर नट अजून आत जात होता. दुसरा, बुटाच्या वरच्या भागाचा कल. अनेक बुटांना घोट्याच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो फिरवला की वरचा भाग आपल्या पायाच्या बाकाप्रमाणे आत किंवा बाहेर झुकतो. लायनर काढून पाय शेलमध्ये ठेवायचा आणि पायाच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा दिसेपर्यंत तो फिरवायचा. चाचांनी किल्लीने तो थोडासा फिरवला. तिसरा टप्पा बुटाच्या तळालाच तिरकस पट्टी लावण्याचा किंवा तळ तासण्याचा. ते जाणकाराचंच काम, कारण तळ बदलला तर बाइंडिंगवर परिणाम होतो. मला त्याची गरज पडली नाही.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी कळ. बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये त्याच्यावर कोरलेली असते. बूट बदलला की बाइंडिंग पुन्हा लावून घ्यायलाच हवं. चाचांनी माझं वजन, उंची, वय आणि मी किती शिकलेय ते विचारूनच त्याचा आकडा लावला. वजन सांगताना लाजू नका. खोटा आकडा दिलात तर पडल्यावर स्की सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही, किंवा नको तेव्हा सुटेल.

दोन रेषा

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. या वेळची माझी प्रशिक्षक माझ्याच वयाची एक काश्मिरी मुलगी होती. तिने मला अगदी हलक्या उतारावर, काठ्यांशिवाय, नुसतं सरळ घसरायला लावलं. मग म्हणाली, "पीछे देखो."

ताज्या बर्फावर दोन समांतर रेषा होत्या. डावीसुद्धा सरळ होती.

लगेच सगळं जमलं असं नाही. त्या दिवशीही मी सात-आठ वेळा पडले. पण आता पडण्याचं कारण कळत होतं. मी मागे झुकले म्हणून पडले, उशिरा वळले म्हणून पडले. पुढचा प्रयत्न वेगळा करता येत होता. गुडघा पुढे नेला की बूट पुढे जायचा, बूट गेला की स्की जायची. मधे कुठे काही हरवत नव्हतं.

संध्याकाळी हॉटेलात लायनर काढून बुखारीपासून थोड्या अंतरावर वाळत ठेवायचे. अगदी जवळ ठेवले तर खराब होतात, आणि रात्रभर थंड खोलीत राहिलेला बूट सकाळी इतका कडक होतो की पायात घालताना घाम फुटतो.

आठव्या दिवशी आम्ही गोंडोलाने कोंगडोरीला गेलो. आकाश स्वच्छ असेल तर गुलमर्गहून नंगा पर्वत दिसतो. त्या दिवशी दिसला. मी तिथून सावकाश, मोठी मोठी वळणं घेत, चार ठिकाणी थांबत खाली आले. भीती वाटली, पण बुटाची नाही. खाली आल्यावर बूट काढले आणि दहाही बोटं हलवून पाहिली. नखं गुलाबी होती.

तुम्ही जाणार असाल तर

• घरीच पाय मोजून ठेवा. टाच भिंतीला टेकवून, कागदावर पूर्ण वजन देऊन उभं राहा. सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी आणि सगळ्यात रुंद भाग, दोन्ही पायांचे, लिहून ठेवा.
• नखं आधीच कापा. मोजा एकच, पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती मोजा ओला झाला की ओलाच राहतो.
• दुकानात लायनर काढून शेलमध्ये पाय घालून बघायला मागा. यात लाजण्यासारखं काही नाही.
• बूट घालून किमान वीस मिनिटं बसा, गुडघे वाकवा. दाब चालेल. टोचणं, मुंग्या येणं किंवा बधिरपणा चालणार नाही.
• टाच उचलली जात असेल तर बकलं आवळत बसू नका. लहान किंवा अरुंद बूट मागा, फोमच्या पट्ट्या लावून घ्या.
• बूट बदलला की बाइंडिंगही पुन्हा लावून घ्या.
• कमानीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर निघण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि इनसोल घेऊन जा.
• स्वतःचा बूट विकत घ्यायचा झाला तर आधी बूट, मग स्की. स्की भाड्याची चालते. बारीक पायासाठी लो व्हॉल्यूम मॉडेल बघा आणि लायनर गरम करून पायाच्या आकाराचा करून मिळतो का ते विचारा.

२०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे एकटा गेलेला आरिफ खान याच परिसरातला. मनालीजवळच्या गावातली आंचल ठाकूर २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकून आली. आपल्याला तिथवर जायचं नसतं. पण 'माझ्या बस की बात नाही' असं ठरवण्याआधी पायात काय घातलंय ते एकदा बघायला हवं.

दिवाळीत बडोद्याला गेले तेव्हा आईला वर्तमानपत्रावर, भिंतीला टाच टेकवून उभं केलं. ती म्हणाली, "काय चाललंय तुझं?" मी पेन्सिलीने खूण केली आणि पट्टी लावली. डावा २२.६, उजवा २२.९. रुंदी माझ्यापेक्षाही कमी. ती वापरत असलेले चालायचे बूट त्याच पट्टीने मोजले तर एक नंबर मोठे निघाले. पुढे थोडा कापूसही होता.

आई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या त्या चाचांकडे एवढ्या मापाचा असेल का गं?"

फेब्रुवारीची तिकिटं काढली आहेत. दोन.